कागद कशासाठी हवाय, हे आधी विचारणारं दुकान

पुण्यात कागदाच्या दुकानांना तोटा नाही. अप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तकांची रांग आहे, बोहरी आळीच्या आसपास पॅकिंगपासून पतंगापर्यंत सगळं मिळतं. मी हाताने पुस्तकबांधणी करते आणि माझा जवळपास सगळा कागद गेली कित्येक वर्षं रविवार पेठेतल्या एकाच दुकानातून येतो. आतल्या गल्लीत आहे, पाटी लहान आहे, बाहेर कायम एखादा टेम्पो लागलेला असतो. आजूबाजूला विचारायचं झालं तर 'कटिंग मशीनवाले कागदवाले' एवढं पुरतं. या दुकानाबद्दल नीट लिहावं असं बरेच दिवस मनात होतं, कारण कागद घेताना माणसं दोनच गोष्टी विचारतात, आकार आणि भाव. इथले काका तिसरी विचारतात आणि तीच सगळ्यात आधी विचारतात: "ताई, करायचं काय आहे त्याचं?"

या प्रश्नाला महत्त्व का, ते माझ्या कामातूनच सांगते, कारण तेवढं मला सगळ्यात चांगलं ठाऊक आहे.

यंत्रावर तयार होणाऱ्या कागदाला रोख असतो. लगदा जाळीवरून वेगाने पुढे सरकतो तेव्हा त्यातले बहुतेक तंतू धावत्या दिशेला समांतर पडतात. लाकडाला जशी रेघ असते तशीच ही. आम्ही बांधणीवाले तिला ग्रेन म्हणतो. कागद ओला झाला, त्याला खळ लागली की तो ग्रेनला काटकोनात फुगतो, ग्रेनच्या दिशेने जवळजवळ नाही. म्हणून पुस्तकाच्या पानांचा ग्रेन पाठीला समांतर हवा. तो आडवा गेला की पानं उघडल्यावर ताठ उभी राहतात, पाठीजवळ लाटा येतात, पुस्तानी, म्हणजे पुठ्ठा आणि पुस्तक यांना जोडणारा दुमडलेला ताव, चिकटवली की पुठ्ठा वाकडा होतो. कितीही चांगली जुजबंदी (घडीतून दोरा ओवून केलेली) शिलाई घाला, शिकंज्यात (दाबयंत्रात) कितीही दाबून ठेवा, असलं पुस्तक हातात कधीच मऊ उघडत नाही.

आता गंमत बघा. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ए-4 रीममध्ये ग्रेन लांब बाजूला असतो. तो कागद मधोमध दुमडून ए-5 आकाराची वही शिवायची म्हटलं, की ग्रेन नेमका आडवा येतो. हौसेने वह्या शिवणारी कितीतरी मुलं-मुली याच कारणाने वैतागतात आणि दोष आपल्या हाताला देतात. दोष कागदाच्या निवडीचा असतो. काकांना वही शिवायची आहे एवढं सांगितलं की ते ए-4 ची रीम देतच नाहीत. डबल डेमीचा, म्हणजे 23 × 36 इंचांचा मोठा ताव काढतात, त्याच्या कडेची एक पट्टी उभी आणि एक आडवी फाडून दाखवतात. ग्रेनच्या दिशेने कागद सरळ फाटतो, विरुद्ध दिशेने वाकडातिकडा. मग त्याप्रमाणे कटिंग मशीनवरच्या दादांना माप सांगतात. डबल डेमीच्या एका तावातून डेमी अष्टमांश आकाराची सोळा पानं, म्हणजे छापायला बत्तीस पृष्ठं निघतात. आपल्याकडच्या कितीतरी कादंबऱ्या आणि कवितासंग्रह याच साडेपाच बाय साडेआठच्या आकारात असतात. 36 इंचांच्या बाजूला ग्रेन असलेला ताव घेतला, तर तो त्या पुस्तकाच्या पाठीला आपोआप समांतर बसतो. हे मला कुठल्या वर्गात शिकायला मिळालं नाही, या गल्ल्यापाशी उभं राहून शिकायला मिळालं.

दुसरी गोष्ट वजनाची. गल्ल्याशेजारी एक वजनकाटा आहे आणि तो शोभेला ठेवलेला नाही. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-0 चा ताव बरोबर एक चौरस मीटरचा आणि ए-4 त्याचा सोळावा भाग. म्हणजे 80 जीएसएमचं ए-4 पान पाच ग्रॅमचं. हिशोब धरला तर 75 जीएसएमच्या 500 पानांचं वजन वेष्टण सोडून 2.34 किलो भरायला हवं आणि 70 जीएसएमचं 2.18 किलो. फरक दीडशे ग्रॅमचा, हाताला न कळणारा, काट्याला लगेच कळणारा. कुणी गिऱ्हाईक कागद पातळ वाटतोय म्हणालं, तर काका वाद घालत नाहीत, रीम काट्यावर ठेवतात. मोठ्या ऑफिसांसाठी कागद घेणाऱ्यांनी हे जरूर करून बघावं. तुमच्या घरी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर तुम्हालाही करता येईल.

जुन्या मोजण्या अजून इथे ऐकू येतात, तेही मला आवडतं. चोवीस तावांचा दस्ता, वीस दस्त्यांची जुनी 480 तावांची रीम. हल्लीची रीम 500 ची. पुठ्ठा मात्र अजूनही औंसावर विकला जातो, चोवीस औंस, बत्तीस औंस. वहीच्या कव्हराला चोवीस पुरतो, शब्दकोशासारख्या जाडजूड ग्रंथाला बत्तीसच्या खाली जाऊ नये.

दुकानात शिरल्यावर डाव्या भिंतीला लिहायचे आणि छापायचे कागद आहेत. मॅपलिथो, बाँड, लेजर, कार्ट्रिज, आर्ट पेपर, न्यूजप्रिंट. लेजर कागद आता फार कुणी मागत नाही, पण दिवाळीत वहीपूजनासाठी खरी चोपडी घेणारे व्यापारी या पेठेत अजून आहेत आणि त्यांच्यासाठी काका तो ठेवतात. हा कागद दमदार असतो, वर्षभर रोज उलटला तरी कोपरे झिजत नाहीत, खाडाखोड सोसतो. मी तो पुस्तानीसाठी वापरते. पुस्तकाचा सगळा भार बिजागरीवर तिच्याच अंगावर येतो. तिथे देखणा पण कमकुवत मार्बल पेपर एकटा लावणं मला पटत नाही. मार्बल वर, लेजर आत, असं करा.

शाईच्या पेनाने लिहिणारे पुन्हा वाढले आहेत, त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. शाई फुटते ती कागद पातळ असतो म्हणून, असा बहुतेकांचा समज आहे. खरं कारण साइझिंगचं. कागद करताना लगद्यात किंवा वरून असं द्रव्य देतात की कागदाने पाणी चटकन पिऊ नये. टीपकागदाला ते जवळजवळ दिलेलंच नसतं, म्हणून तो शाई टिपतो. न्यूजप्रिंटला फार थोडं असतं, म्हणून त्यावर शाईच्या पेनाने लिहिलं की अक्षराला मिशा फुटतात. म्हणजे जाडजूड पण साइझिंग कमी असलेल्या कागदावर शाई पसरेल आणि पातळ पण नीट साइझिंग केलेल्यावर पसरणार नाही. या दुकानात एक नमुन्यांची वही आहे, तिच्यात प्रत्येक कागदाचा तुकडा डकवलेला आहे आणि तुमचं पेन काढून त्यावर लिहून बघायला कुणी नाही म्हणत नाही. वही आता फार मळली आहे, निम्म्या तुकड्यांवर लिहायला जागा उरलेली नाही. ती नवी करा, असं मी काकांना सुचवलंय, आणि इथेही लिहून ठेवते.

वर्तमानपत्राची कात्रणं जपणाऱ्या वाचकांनी मला नेहमी विचारलेला प्रश्न असतो, ती पिवळी का पडतात. न्यूजप्रिंट बहुतांशी लाकूड यांत्रिकपणे भरडून केलेल्या लगद्याचा असतो. त्यात लाकडातलं लिग्निन तसंच राहतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं-तपकिरी होतं. चांगल्या लिहायच्या कागदातून ते रसायनांनी काढून टाकलेलं असतं. त्यामुळे कात्रणं चिकटवायला स्वस्तातली चिकटवही घेऊ नका, पानंही कात्रणांबरोबरच पिवळी पडतील. काकांकडे ॲसिड-फ्री कागद असतो, भाव जास्त आहे, पण आजोबांचे लेख जपायचे असतील तर तेवढा खर्च करावा. आणि एक कळकळीची विनंती: जुनी कागदपत्रं उष्णतेचं लॅमिनेशन करून आणू नका. प्लास्टिक एकदा वितळून तंतूंत बसलं की दुरुस्त करणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. माझ्याकडे अशी जन्मपत्रिका, अशी खरेदीखतं येतात आणि मला ती परत पाठवावी लागतात.

दुरुस्तीसाठी लागणारा जपानी टिश्यू मात्र इथे मिळत नाही. कोझो नावाच्या झुडपाच्या सालीतल्या लांब तंतूंचा तो कागद असतो, इतका पातळ की फाटक्या पानावर खळीने लावला तर खालची अक्षरं वाचता येतात. तो मला बाहेरून मागवावा लागतो.

हातकागदही इथे थोडाच असतो आणि यासाठी मला काकांचं कौतुक वाटतं. पहिल्यांदा मागितला तेव्हा त्यांनी आपल्याकडचे चार ताव गळ्यात मारले नाहीत. "शिवाजीनगरला जा, संस्थेत," म्हणाले. शिवाजीनगरला के. बी. जोशी रस्त्यावर, कृषी महाविद्यालयाजवळ हातकागद संस्था आहे, 1940 पासूनची. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून चौकटीवर एकेक ताव उचलायची ही पद्धत. पुण्यात असून तिथे कधी गेला नसाल तर जा. हातकागदाचे तंतू चौकटीत सगळ्या दिशांना पडतात, त्यामुळे ग्रेनची भानगड जवळजवळ नसते, आणि कापसात लिग्निन नगण्य असल्याने तो टिकतो. आपल्या खिशातली नोटही कापसाच्याच तंतूंची आहे, म्हणून ती चुकून धुण्यात गेली तरी वाचते. पेशवे दफ्तरातली मोडी कागदपत्रं ज्या जुन्नरी आणि दौलताबादी कागदावर लिहिली गेली तोही हाताने केलेला. कसबा पेठेत कागदीपुरा आहे, दौलताबादजवळ कागजीपुरा आहे. कागद करणाऱ्यांच्या वस्त्या आपल्याकडे होत्या हे या नावांवरून तरी लक्षात राहावं.

उजव्या भिंतीला स्वयंपाकघराचे आणि पॅकिंगचे कागद. इथे माझी जाऊ माझ्याबरोबर येते, तिचा नानकटाई आणि शंकरपाळ्यांचा घरगुती व्यवसाय आहे. तिच्यामुळे मला बटर पेपरमधला फरक कळला. साधा बटर पेपर म्हणजे लगदा इतका कुटलेला की तंतूंमधली भोकं बुजतात आणि तूप-तेल आरपार जात नाही. डब्यात थर लावायला, लाडू-वड्या गुंडाळायला तो उत्तम. ओव्हनमध्ये ट्रेवर घालायचा कागद वेगळा, त्याला सिलिकॉनचा लेप असतो, म्हणून बिस्किट त्याला चिकटत नाही. तिसरा मेणकागद. तो ओव्हनमध्ये घालूच नये, मेण वितळतं. तिन्ही गुंडाळ्या दिसायला सारख्या आणि बऱ्याच दुकानांत तिघांनाही बटर पेपरच म्हणतात. काकांनी जावेला विचारलं, "भाजताना खाली घालणार की भाजून झाल्यावर?" आणि मगच गुंडाळी काढली. एका प्रश्नाने तिचे किती घाणे वाचले असतील!

भजी-वडे वर्तमानपत्रात बांधून देणं आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही वावगं वाटत नाही. पण छपाईची शाई गरम तेलात उतरते, आणि 2018 च्या अन्नसुरक्षा पॅकेजिंग नियमांनुसार खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला मनाईच आहे. या दुकानातून गाड्यांवर वडापाव विकणारे काही जण कापलेला पांढरा, तेल न शोषणारा कागद नेतात. काका त्यांना हव्या त्या चौकोनात कापून देतात आणि किलोवर विकतात, त्यामुळे परवडतो. वडापावच्या गाडीवर तुम्ही उभे असाल आणि पुढ्यात कोरा कागद आला, तर त्या माणसाला दोन शब्द चांगले बोला.

बिलांच्या रोलचा खप इथे मोठा आहे. 57 मिलिमीटरचे, 79 मिलिमीटरचे. हा थर्मल कागद, यात शाई नसते, यंत्राच्या उष्णतेने वरचा लेप काळा पडतो. म्हणून तो उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर, प्लास्टिकच्या पाकिटात ठेवला की अक्षरं उडतात. फ्रीजचं किंवा मिक्सरचं वॉरंटीचं बिल थर्मल कागदावर असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा. हे वाक्य काकांनी पुठ्ठ्यावर लिहून रोलच्या कप्प्यावर लावलंय. रोल विकणारा माणूसच त्याची उणीव सांगतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता माझ्या सगळ्यात आवडीचा कोपरा, मागच्या बाजूचा रंगीत कागदांचा. नवरात्र संपलं की तिथे उभं राहायला जागा नसते. आकाशकंदील करायचा तर पतंगी कागद की घोटीव, हा प्रश्न दर दिवाळीत आमच्या सोसायटीतली मुलं मला विचारतात. पतंगी कागद पातळ, दिव्याचा उजेड त्यातून पसरून येतो, कंदील आतून पेटल्यासारखा दिसतो. पण तो लवकर फाटतो आणि ऑक्टोबरात एखादी सर आली तर संपला. घोटीव कागदाची एक बाजू चकचकीत, अंगाने जरा जाड. दिवसा देखणा, रात्री मात्र उजेड अडवतो. माझं मत असं की कंदिलाच्या मुख्य अंगाला पतंगी लावावा, पांढरा किंवा पिवळा, आणि करंज्या, किनार, वरची नक्षी घोटीव कागदाची करावी. झिरमिळ्या पतंगीच्याच, वाऱ्यावर त्याच हलतात. कामट्यांच्या सांगाड्याला कागद लावताना फेविकॉल कमी आणि मैद्याची खळ जास्त वापरा. खळ वाळताना पतंगी कागद ताणून बसतो आणि सुरकुत्या निघून जातात. खळ टिकायला हवी असेल तर आम्ही बांधणीवाले चिमूटभर मोरचूद घालतो, पण ते विषारी आहे, लहान मुलांच्या हातात द्यायच्या खळीत अजिबात नको.

जिलेटीन कागदाबद्दल एक सावधगिरी. त्या नावाने जो पारदर्शक रंगीत कागद आपण लहानपणी घेत होतो तो सेलोफेन, म्हणजे लाकडाच्याच सेल्युलोजपासून केलेला. आता त्याच नावाने सरसकट प्लास्टिक मिळतं. ओळखायचं तर एक बारीक तुकडा चिमट्यात धरून मोठ्यांनीच पेटवून बघावा. सेलोफेन कागदासारखा जळतो आणि राख होते, प्लास्टिक आक्रसून गोळा होतं. काका दोन्ही ठेवतात आणि कुठलं काय ते न विचारता सांगतात. माझा आग्रह सेलोफेनचा आहे, दिवाळीनंतर कंदील जिथे जायचा तिथे त्याची माती तरी होते.

क्राफ्ट पेपर, ड्युप्लेक्स, कार्बनलेस बिलबुकाचे कागद, ग्राफ, ट्रेसिंग हे सगळं आहे आणि ठीक आहे. त्यात या दुकानाचं विशेष काही नाही, अप्पा बळवंत चौकातही तेच मिळेल.

तक्रारी आहेत. दुपारी एक ते चार बंद, आणि त्यात बदल होत नाही. कटिंग फक्त सकाळी मिळतं, संध्याकाळी दादा गेलेले असतात. थोड्या तावांसाठी मशीन चालू करत नाहीत, हे मला समजतं, पण विद्यार्थ्यांसाठी आठवड्यातला एखादा तास ठेवावा असं मनापासून वाटतं. संध्याकाळी गल्ल्यावर जो मुलगा असतो तो प्रश्न विचारत नाही, मागाल ते देतो. नवीन असाल तर सकाळीच जा आणि काकांशी बोला. भाव कुठेही लिहिलेले नाहीत. घासाघीस करावी लागत नाही, सगळ्यांना एकच भाव सांगतात असा माझा अनुभव आहे, तरी एक पाटी हवीच.

सगळ्यात मोठी अडचण पावसाळ्याची. माल माळ्यावर असतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये कागद हवेतला ओलावा पितो, रीमच्या कडा लाटालाटा होतात. असा कागद थेट प्रिंटरमध्ये घातला की अडकणार. त्या दिवसांत फोडलेली रीम घेऊ नका, बंद वेष्टणातली घ्या, आणि घरी आणल्यावर एक दिवस प्रिंटरच्याच खोलीत ठेवून मग उघडा. बांधणीसाठी लागणारा वर्षाचा पुठ्ठा मी मे महिन्यातच भरून ठेवते, तुम्हीही तसंच करा.

जाताना दुचाकी लक्ष्मी रस्त्याच्या अलीकडेच लावा, गल्लीत जागा मिळणार नाही. मोठे ताव न्यायचे असतील तर जाड पुठ्ठ्याची नळी बरोबर असू द्या, ते सुतळीने बांधून देतात आणि सुतळीचा वळ कागदावर उमटतो. माप इंचांत लिहून न्या. आणि काय करायचं आहे ते आधी सांगा, त्यांनी विचारायच्या आत सांगितलंत तर काकांना फार आनंद होतो.